रेडिओ नेमका कधी तुटतो?

कोथरूड, पुणे

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचल्यापासून उत्तराचीच जुळवाजुळव डोक्यात चालू आहे. नातवाचं बोलणं, बाल्कनीतले टोमॅटो, भावोजींचा गुडघा, सगळं वाचलं. पण मन अडकलं ते शेवटच्या परिच्छेदात. रात्री पुण्याच्या बातम्या लावल्या की वाक्य अर्धवट राहतं, मग थोडी शांतता, मग भलतंच वाक्य, आणि भावोजी म्हणतात यंत्रच बदलू या. एवढंच लिहून तू पुढच्या विषयाकडे वळलीस! इतकी वर्षं मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेली माझी, आणि आता दिवसाचा निम्मा वेळ घरातल्या स्ट्रीमरवर, म्हणजे इंटरनेटवरून रेडिओ वाजवणाऱ्या यंत्रावर, देशोदेशीचे रेडिओ ऐकण्यात जातो. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत येणार नाही. चहा घेऊन बस.

आधी हे सांगते की यंत्र एवढ्यात बदलू नका. आणि जावईबापूंनी फोनवर वेग मोजून ३०० एमबीपीएसचा आकडा दाखवला, तो खरा असला तरी त्यातून तुझ्या तक्रारीचा उलगडा होत नाही. हिशोब करून बघ. साधा एमपीथ्री रेडिओ १२८ केबीपीएसचा असतो. म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइट, तासाला ५८ मेगाबाइटच्या आत. तुझ्या घरी येणारा वेग त्याच्या दोन हजार पटींहून जास्त आहे. वेग कमी पडतो म्हणून रेडिओ तुटत असता, तर तो तुझ्याकडे कधीच तुटला नसता.

रेडिओला वेगापेक्षा सातत्य लागतं. या सेकंदाला वाजायचा तुकडा हा सेकंद उजाडण्याआधी घरी पोचलेला हवा, आणि हे तासन्‌तास, एकदाही न चुकता घडायला हवं. सिनेमा बघताना यंत्र पुढचा बराच भाग आधीच उतरवून ठेवतं, म्हणून मध्ये अर्धा मिनिट जोडणी गेली तरी तुला कळतही नाही. थेट रेडिओत ती सोय नाही, कारण निवेदिकेनं पुढचं वाक्य अजून उच्चारलेलंच नसतं. जे बोलून झालंय तेवढंच साठवता येतं. ही साठवण म्हणजे बफर. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखा समज, फक्त इथे नळाला धार वापराइतकीच येते. टाकी सुरुवातीला जेवढी भरली तेवढीच, मागाहून ती वर चढत नाही. धार थांबली की टाकी पुरेल तेवढा वेळ आवाज चालू राहतो, मग शांतता.

ही टाकी केवढी असते, तेही सांगते. रेडिओ केंद्रं इंटरनेटवर पाठवण्यासाठी आइसकास्ट नावाची प्रणाली पुष्कळ ठिकाणी वापरतात. आपण केंद्र लावलं की ती सुरुवातीला एक घोट भरकन देते, म्हणजे आवाज पटकन सुरू व्हावा. मूळ मांडणीत हा घोट ६४ किलोबाइटचा असतो. १२८ केबीपीएसच्या प्रवाहाला तो सुमारे ४ सेकंद पुरतो. ३२० केबीपीएसला दीड सेकंदापेक्षा थोडा जास्त. आणि फ्लॅक नावाचा जो सगळ्यात शुद्ध आवाजाचा प्रवाह असतो, साधारण ९०० केबीपीएसचा, त्याला जेमतेम अर्धा सेकंद. काही स्ट्रीमर सुरू होण्याआधी स्वतःहून थोडं जास्त साठवतात, पण गोष्ट तीच राहते, की आवाजाचा दर्जा जितका वरचा, तितका सांभाळून घेण्याचा अवधी कमी. म्हणून कुठलंही केंद्र तुटत असेल तर आधी त्याच केंद्राचा हलका प्रवाह लावून बघायचा. तो सुरळीत चालला, तर जोडणी अधूनमधून थोडा वेळ गळते आहे हे पैसा न खर्चता कळतं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. रेडिओ तुटतो तेव्हा तो तुटण्याच्या पद्धतीतूनच दोष कुठे आहे ते सांगत असतो. वस्तू विकत आणण्याआधी ते ऐकून घ्यायला हवं.

शब्द मध्येच थांबला, दोन सेकंद काही नाही, आणि मग त्याच शब्दापासून पुढे सुरू झालं, तर साठा संपला होता पण जोडणी टिकून होती. मधली दोनचार वाक्यं गाळून पुढचंच काही ऐकू आलं, तर जोडणी पूर्ण तुटली आणि नव्यानं जुळली. तोच तुकडा दोनदा तीनदा वाजला, तर बहुधा केंद्राच्या बाजूला पुढचा तुकडा वेळेवर तयार झालेला नाही. आणि टिक टिक, खरखर, बारीक कट्‌ असा आवाज येत राहिला, तर नेटवर्कला दोष देऊ नकोस. इंटरनेट रेडिओ ज्या टीसीपी पद्धतीनं येतो, तिच्यात बिघडलेला तुकडा तपासणीत पकडला जातो आणि पुन्हा मागवला जातो. तो बरोबर येतो, नाहीतर येतच नाही. खरखर असेल तर स्ट्रीमरपासून अँप्लिफायरपर्यंतची वायर, तिची पिन, किंवा केंद्राकडूनच आलेला आवाज तपासायचा.

तुझं वर्णन यातल्या दुसऱ्या प्रकारात बसतं. अर्धं वाक्य, शांतता, मग भलतंच वाक्य. त्यात आणखी एक धागा आहे. आकाशवाणीची केंद्रं इंटरनेटवर एचएलएस पद्धतीनं येतात. अ‍ॅपलनं २००९ मध्ये आणलेली ही पद्धत सलग धारेची नाही. आवाजाचे काही काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, आणि सध्या कोणते तुकडे उपलब्ध आहेत याची एक यादी असते. स्ट्रीमर थोड्या थोड्या वेळानं ती यादी मागवतो आणि नवा तुकडा उचलतो. यादी सतत पुढे सरकते, जुने तुकडे तिच्यातून गळतात. तुझं यंत्र काही सेकंद मागे राहिलं, तर त्याला हवा असलेला तुकडा यादीतून गेलेला असतो, आणि ते नाइलाजानं पुढच्या तुकड्यावर उडी मारतं. म्हणजे तुझ्याकडचा खंड क्षणभराचा नाही. जोडणी बरेच सेकंद अडून राहते आहे.

आणि हे कधी होतं? तू लिहिलंयस, रात्री. पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या इथे सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी लागतात. तुझ्या टोरोंटोत तेव्हा उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे ९ वाजून ४० मिनिटं झालेली असतात, हिवाळ्यात ८ वाजून ४०. तुमच्या त्या उंच इमारतीत सगळी घरं तेव्हा जागी. प्रत्येक घरात वायफाय, प्रत्येक वायफायवर सिनेमा, खेळ, व्हिडिओ कॉल. मला इथेच दोन संशयित दिसतात, पण ते आपण पुराव्यानं ठरवू.

पुरावा म्हणजे एक वही. फोनशेजारी ठेव. रेडिओ तुटला की वेळ लिही, केंद्र लिही, किती वेळ गप्प होता ते लिही, आणि त्या वेळी घरात कोण काय करत होतं ते लिही. मायक्रोवेव्ह चालू होता का, नातू खेळत होता का, कुणी व्हिडिओवर बोलत होतं का. आठवडाभर एवढंच कर आणि बाकी कशालाही हात लावू नकोस. शिवाय प्रत्येक वेळी एक छोटी परीक्षा घे. फोनचं वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर तेच केंद्र लाव. तिथेही तुटत असेल, तर दोष केंद्राकडे आहे आणि तुला काही करायचं नाही. फोनवर सुरळीत आणि स्ट्रीमरवर तुटक असेल, तर दोष तुझ्या घरात किंवा तुमच्या इंटरनेटच्या जोडणीत. एका परीक्षेनं अर्धा प्रदेश बाद होतो. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे. मुलांना मी दोष शोधायचा तो असाच शिकवत असे, आणि एका वेळी एकच बदल करायचा हा नियमही.

पहिला संशयित वायफाय. त्याच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तुमच्याकडे ११ चॅनेल दिसतात, पण एकमेकांवर न चढणारे त्यातले तीनच, १, ६ आणि ११. इमारतीतले पन्नास राउटर या तिघांवर दाटीवाटीनं बसलेले असणार. हवा एकच असल्यामुळे एका वेळी एकानंच बोलायचं असतं, म्हणून सगळे एकमेकांसाठी थांबतात. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. त्याचा दरवाजा कितीही चांगला असला तरी बाहेर झिरपणारा थोडासा गोंगाट वायफायला पुरेसा असतो. दूध गरम करताना रेडिओ तुटतो अशी नोंद वहीत आली, तर गुन्हेगार सापडला म्हणून समज.

उपाय असा. राउटरच्या सेटिंगमध्ये जावईबापूंना २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्यांना वेगवेगळी नावं द्यायला सांग. दोन्हींचं नाव एकच असलं की स्ट्रीमर कधी या पट्ट्यावर, कधी त्या पट्ट्यावर जातो, आणि प्रत्येक उडीत रेडिओ तुटू शकतो. मग स्ट्रीमरला ५ गिगाहर्ट्झवर बसव. तिथे चॅनेल पुष्कळ, गर्दी विरळ. मात्र तो पट्टा भिंतींतून कमी जातो. तुमच्याकडच्या प्लास्टरबोर्डच्या आतल्या भिंती त्याला फारशा अडवत नाहीत. आमच्याकडच्या विटांच्या नऊ इंची भिंती आणि आरसीसीचे खांब मात्र चांगलेच अडवतात. स्ट्रीमरच्या पडद्यावर किंवा अ‍ॅपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर तो उणे ६७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून बरा हवा, म्हणजे उणे ६०, उणे ५०. उणे ७५ च्या खाली गेला की खंड पडणारच. यंत्र अँप्लिफायरच्या मागे, धातूच्या मांडणीत किंवा मोठ्या आरशाशेजारी असेल, तर हातभर पुढे सरकवूनही फरक पडतो.

पण माझं खरं मत विचारशील, तर केबल टाक. फिरत्या फोनला वायफाय हवं. स्ट्रीमर कुठे फिरतो? तो वर्षानुवर्षं एकाच फळीवर बसलेला असतो. माझ्याकडे फायबरवाल्यांनी राउटर दारावर बसवला आणि रेडिओ आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, छताच्या कडेनं केसिंग पट्टी मारून घेतली आणि त्यातून साधी कॅट-६ केबल आत नेली. तेव्हापासून स्वित्झर्लंडचं रेडिओ स्विस क्लासिक दिवसभर चालू असतं आणि त्याच्याकडे बघावंही लागत नाही. अशी केबल १०० मीटरपर्यंत बिनधोक चालते. महागड्या, खास संगीतासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या नेटवर्क केबलची गरज नाही. साधी पण नीट क्रिम्प केलेली केबल तुकडे तितक्याच अचूकपणे पोचवते. क्रिम्पिंग मात्र चांगलं हवं, कारण एखादी तार पिनमध्ये सैल राहिली तर जोडणी येते-जाते आणि माणूस भलतीकडेच शोधत राहतो. तुमच्याकडे भिंतीत खिळे मारायची परवानगी नसेल, तर चपटी केबल मिळते, ती स्कर्टिंगच्या कडेनं किंवा गालिच्याखालून जाते. तेही जमत नसेल तर मेश वायफायचा एक डबा स्ट्रीमरशेजारी ठेवायचा आणि त्या डब्यातून वीतभर केबलनं स्ट्रीमर जोडायचा. त्या डब्यांचे अँटेना स्ट्रीमरच्या अँटेनापेक्षा बहुतेक वेळा सरस असतात.

दुसरा संशयित जास्त गमतीचा आहे, आणि तो वेगाच्या मोजणीत दिसत नाही. तुझ्या घरातली चारही माणसं रात्री आपापले फोन चार्जिंगला लावतात ना? वायफाय आहे, चार्जर लावलाय, हे दिसलं की फोन दिवसभरात काढलेले फोटो आणि व्हिडिओ वर चढवायला घेतो. घरगुती जोडणीत वर जाण्याचा वेग खाली येण्याच्या वेगापेक्षा बऱ्याचदा खूप कमी असतो. फोन मात्र ढकलत राहतात, आणि मोडेम त्या सगळ्या तुकड्यांची लांबच लांब रांग लावतो. आता रेडिओ खाली येतोय, त्याला वरच्या वाटेचं काय, असं तुला वाटेल. पण टीसीपीत दर काही तुकड्यांमागे "मिळाले" अशी पोच उलट पाठवावी लागते. एचएलएसमध्ये तर प्रत्येक नवी यादी, प्रत्येक नवा तुकडा वरच्या वाटेनंच मागवावा लागतो. ती एवढीशी मागणी फोटोंच्या रांगेत शेवटी उभी राहते. तिचा नंबर लागेपर्यंत रेडिओचा साठा संपतो.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या संगणक अभियंत्यानं २०१० च्या अखेरीला ते लोकांपुढे आणलं. त्यांना ते स्वतःच्या घरच्या जोडणीवरच दिसलं होतं. त्यावरचा कोडेल नावाचा उपाय कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडला. त्यात रांगेत कोण किती वेळ थांबलं ते मोजलं जातं आणि रांग लांबू दिली जात नाही. त्यातूनच पुढे एफक्यू-कोडेल आणि केक या पद्धती आल्या, ज्या वेगवेगळ्या प्रवाहांना वेगळ्या रांगा देतात, म्हणून एकट्या रेडिओच्या लहानशा मागणीला फोटोंच्या ढिगामागे उभं राहावं लागत नाही. कितीतरी राउटरमध्ये आता ही सोय असते. क्यूओएस किंवा एसक्यूएम या नावाखाली शोधायला सांग. वर जाण्याच्या मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर मर्यादा घालायची, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता राउटरमध्ये लागते आणि राउटर ती नीट हाताळतो.

हे दुखणं आहे की नाही ते तपासणंही सोपं. संगणकावर पिंग, म्हणजे एखाद्या सर्व्हरला हाक मारून उत्तराची वेळ मोजणं, चालू ठेवायचं आणि त्याच वेळी एखादा मोठा व्हिडिओ वर चढवायचा. एरवी १५-२० मिलिसेकंदांत येणारं उत्तर काहीशे मिलिसेकंदांवर गेलं, तर हाच गुन्हेगार. आणि सेटिंग जमेपर्यंत घरच्यांना सांग, फोटो चढवायची वेळ बातम्यांनंतरची ठेवा. हा उपाय आज रात्रीच करून बघता येईल.

तुला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, कारण तू आणि मी दोघीही लांबचंच ऐकतो. टोरोंटो आणि पुणे यांच्यातलं सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन एक अष्टमांश सेकंद तरी लागणारच. प्रत्यक्षात केबल समुद्रातून वळणं घेत जातात, त्यामुळे वेळ आणखी वाढतो. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो हरवल्याचं कळायला आणि पुन्हा मागवायला एवढा फेरा घालावा लागतो. तुकडे हरवण्याचं प्रमाण तेवढंच असलं तरी जितकं अंतर जास्त तितका टीसीपीचा वेग खाली येतो. वेगाची मोजणी मात्र आपल्याच शहरातल्या जवळच्या सर्व्हरशी होते. म्हणून तिथे सगळं झकास दिसतं आणि रेडिओ तुटतो.

शिवाय स्ट्रीमर एका वेळी, पोच न मिळता, किती माल घ्यायला तयार आहे यावरही वेग ठरतो. जुन्या यंत्रांची ही तयारी तोकडी असते. समज १६ किलोबाइट, आणि फेरा पाव सेकंदाचा. मग सेकंदाला ६४ किलोबाइट, म्हणजे ५०० केबीपीएसच्या थोडं वर. त्यात ३२० चा प्रवाह मावतो, ९०० चा फ्लॅक कधीही मावणार नाही, मग घरी ३०० एमबीपीएस असोत की ३०००. मोठी केंद्रं आपला प्रवाह जगभरच्या सर्व्हरांवरून वाटतात, त्यामुळे तिथे अंतर जाणवत नाही. एखादं छोटं, हौशी लोकांनी चालवलेलं केंद्र मात्र एकाच संगणकावरून बोलत असतं. तू असं केंद्र ऐकत असशील तर हलकाच प्रवाह निवड आणि निश्चिंत राहा.

वहीत कदाचित एक विचित्र नोंदही येईल. रेडिओ दिवसरात्र चालू ठेवला, तर दिवसातून एखादा खंड, बाकी काही नाही. त्याचं कारण घड्याळ असू शकतं. केंद्र त्याच्या घड्याळानं आवाज पाठवतं, तुझं यंत्र स्वतःच्या क्वार्ट्झच्या ठोक्यावर वाजवतं. दोघांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, आणि एवढा असतो, तर दिवसाला ४.३ सेकंदांचं अंतर पडतं. यंत्र पुढे पळत असेल तर ते साठा हळूहळू खाऊन टाकतं. रोज सकाळी केंद्र एकदा बंद करून परत लावलं की झालं. तोच खंड रोज ठरावीक तासांनी, घड्याळ लावून येत असेल, तर मात्र राउटर यंत्राला मुदतीनं देतो त्या आयपी पत्त्याच्या नूतनीकरणाकडे बघायचं. राउटरमध्ये स्ट्रीमरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. तो ठेवाच. फुकट आहे आणि इतर चार कटकटी टळतात.

भावोजींची यंत्र बदलण्याची सूचना मी अगदीच फेटाळत नाही. काही वेळा यंत्र धडधाकट असतं आणि जग पुढे गेलेलं असतं. स्ट्रीमर केंद्रांचे पत्ते स्वतः ठेवत नाही, एखाद्या निर्देशिका सेवेकडून घेतो. ती सेवा बंद झाली की यंत्र मुकं होतं. रेसिव्हा नावाची अशी सेवा २०२१ मध्ये बंद झाली. स्क्वीझबॉक्स नावाच्या स्ट्रीमरवाल्यांची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये. बीबीसीनं २०२३ मध्ये जुन्या पद्धतीचे प्रवाह थांबवून एचएलएस आणि डॅश या नव्या पद्धती घेतल्या, तेव्हा कितीतरी जुन्या यंत्रांवर ती केंद्रं लागेनाशी झाली. पण तेव्हाही यंत्र टाकायची गरज नसते. स्क्वीझबॉक्स वापरणाऱ्यांनी एकत्र येऊन त्याचा सर्व्हर जिवंत ठेवला आहे, लिरिऑन म्युझिक सर्व्हर या नावानं. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर तो चालतो. स्ट्रीमर त्याच्याशी बोलणारा असेल, तर हा संगणक बाहेरचा प्रवाह स्वतः घेतो, दूरच्या फेऱ्यांची आणि हरवलेल्या तुकड्यांची धावपळ स्वतः करतो, आणि घरातल्या घरात स्ट्रीमरला देतो. त्याची स्मृती भरपूर, म्हणून टाकीही मोठी. चांगल्या आवाजाचं जुनं यंत्र यामुळे कित्येक वर्षं वापरात राहतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

इकडच्या कुणाला मी आणखी एक सांगितलं असतं, ते तुला फारसं लागणार नाही. आमच्याकडे वीज गेली की इन्व्हर्टर चालू व्हायच्या क्षणी राउटर दचकून नव्यानं सुरू होतो आणि पुढची दोनतीन मिनिटं रेडिओ नाही. राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावला की तो प्रश्न कायमचा मिटतो. पण तुझा राउटर कारण नसताना मधूनच स्वतःहून सुरू होत असेल, तर त्याचा अ‍ॅडॅप्टर तपास. जुन्या अ‍ॅडॅप्टरमधले कपॅसिटर सुकतात, आणि सगळे दिवे लागलेले दिसत असूनही वीज पुरी पडत नाही.

आता तू म्हणशील, एका बातमीपत्रासाठी एवढा खटाटोप? न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रं आहेत, हे नाही तर ते लाव, आणि बातम्या काय, मागाहूनही वाचता येतात. येतात. पण थेट रेडिओची गोष्ट वेगळी आहे, आणि मी ती मनापासून मानते. १९५३ साली पुण्याचं केंद्र सुरू झालं. १९५५-५६ मध्ये त्याच केंद्रावरून वर्षभर गीतरामायण प्रसारित झालं, ५६ गीतं, आणि घरोघरी लोक त्या वेळेला कामं उरकून बसायचे, कारण ती वेळ सगळ्यांची होती. मागाहून ऐकलेलं आपलं एकटीचं असतं. थेट ऐकलेलं त्या घटकेला ऐकणाऱ्या सगळ्यांचं असतं. मी इथे भाजी निवडत असते आणि तू तिथे ओटा आवरत असतेस, आणि धरणांतला पाणीसाठा किती टक्के झाला हे आपल्याला काही सेकंदांच्या अंतरानं एकच निवेदिका सांगत असते. ते वाक्य तुझ्याकडे पूर्ण पोचावं, यासाठी जेवढा खटाटोप लागेल तेवढा करायला मी तयार आहे.

तेव्हा क्रम असा ठेव. आज रात्री फोटो चढवणं थांबवून बातम्या ऐक. उद्यापासून वही. आठवड्यानं वही बघून वायफायचे पट्टे वेगळे कर आणि स्ट्रीमरचा पत्ता राखून ठेव. मग केबल. केबलनंतरही तुटत असेल तर राउटरमधली रांगेची सेटिंग. यातलं शेवटचं पाऊल होईपर्यंत नवीन यंत्राचं नाव काढायचं नाही, आणि दोन बदल एकाच दिवशी करायचे नाहीत.

वहीच्या पानाचा फोटो मला पाठव. वेळा, केंद्रं, आणि आवाज परत आला तेव्हा वाक्य तेच होतं की पुढचं, एवढं त्यात असलं की बाकीचं मी इथे बसून सांगेन. आणि भावोजींना नमस्कार सांगून म्हणावं, दुकानात जायचंच असेल तर मुख्य खोलीतल्या राउटरपासून रेडिओच्या फळीपर्यंतचं अंतर आधी मोजून घ्या, आणि त्याहून दोन मीटर जास्त केबल आणा.

तुझीच,
पुण्याची मैत्रीण